‘नको’चं कार्ड

आईबापांना मुलाच्या तोंडून पहिला शब्द ‘आई’ हवा असतो, नाहीतर ‘बाबा’. मी ‘नको’ शिकवते. खांदा कॉलनीतल्या माझ्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये या एका शब्दावरून जितकी भांडणं झाली, तितकी वरच्या सोसायटीत पाण्यावरूनही झाली नसतील.

दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर संपादकबाईंनी सुचवलं होतं, “तुमच्याकडच्या मुलांच्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतात.” गमतीजमती पुष्कळ आहेत. पण यंदा लिहायला बसलं की मला रागच येतो, आणि राग गिळून गोड लिहायचं वय आता राहिलेलं नाही. तेव्हा फराळासोबत थोडं तिखट चालवून घ्या.

आधी माझं काम काय ते सांगते. पाटीवर ‘स्पीच थेरपिस्ट’ असं आहे, त्यामुळे लोकांना वाटतं मी जिभेला व्यायाम देते. वेखंड आणि मध चाटवून चाटवून दमलेले लोक माझ्याकडे येतात. जिभेखालची शीर कापून आलेले येतात. एक गृहस्थ मुलाला पुढे करून म्हणाले होते, “मॅडम, मराठीत टाइम वेस्ट नका करू. डायरेक्ट इंग्लिशच बोलू दे. जूनमध्ये स्कूलचा इंटरव्ह्यू आहे.” मुलगा तेव्हा टेबलाखाली बसून माझ्या चपलेच्या पट्ट्याची उघडझाप करत होता. मी म्हटलं, “तुमचं स्वतःचं इंग्लिश कितव्या वर्षी सुरू झालं?” ते पुन्हा आले नाहीत. मुलगा मात्र मला अजून आठवतो.

बोलणं म्हणजे तोंडातून आवाज काढणं नव्हे. माझ्या मनातलं समोरच्याला कळलं आणि त्याने त्यावर काहीतरी केलं, हा अनुभव एकदा आला की मुलाला बोलण्यात अर्थ वाटू लागतो. स्वमग्न मुलांना, म्हणजे ज्याला आता सगळे ऑटिझम म्हणतात ते असलेल्या मुलांना, हा अनुभव सहजासहजी येत नाही. म्हणून मी चित्रांची कार्डं वापरते. पाण्याचं चित्र हातात दिलं की पाणी मिळतं, झोक्याचं दिलं की झोका मिळतो. शब्द पुढे येतात किंवा येत नाहीत, पण देवघेव सुरू होते. माझं तीस वर्षांचं काम या चार वाक्यांत संपलं. सांगायला सोपं आहे, करायला बसलं की घाम फुटतो.

त्यात ‘नको’चं कार्ड. लाल पार्श्वभूमीवर उघडा पंजा. ते दिसलं की आईबाप नाराज होतात. “आधीच हट्टी आहे, त्यात हे कशाला?” पण ज्या मुलाला नको म्हणता येत नाही ते मूल चावतं, डोकं आपटतं, अंगावरचे कपडे काढून फेकतं. त्याच्याकडे तेवढीच भाषा असते. म्हणून माझा नियम कडक आहे. मुलाने नकोचं कार्ड हातात दिलं की ते घ्यायचं, त्याच्याकडे बघून “कळलं” म्हणायचं आणि हातातलं काम थांबवायचं. तिथल्या तिथे.

“मग काय, लस नको म्हणाला तर द्यायची नाही?” हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. लस द्यायची. जिथे थांबता येणारच नाही तिथे कार्ड घेऊन सांगायचं, “कळलं, पण हे करावंच लागणार आहे.” मात्र हे वाक्य म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं की खरंच करावं लागणार आहे का. मनात शंका असेल तर ते तोंडातून काढायचं नाही. हे मी आईबापांकडून घोकून घेते, पाढे घोकून घेतात तसं.

वेदच्या वडिलांनी, प्रसादने, ते सगळ्यांत मन लावून घोकलं होतं.

वेद तेव्हा चार वर्षांचा होता. रोडपालीहून यायचा. हाफ पॅन्टच्या दोन्ही खिशांत बाटल्यांची झाकणं, निळी एका खिशात, बाकीची दुसऱ्या. पंखा चालू असेल तर आधी त्याच्याखाली उभा राहून त्याची खात्री करून घ्यायचा, मग माझ्याकडे. आई मृणाल बँकेत होती, वेदसाठी नोकरी सोडलेली. प्रसाद तळोज्याच्या एका रसायनांच्या कंपनीत, तिथल्या तपासणीच्या लॅबचा प्रमुख. मितभाषी माणूस. मी सांगितलेलं कागदावर उतरवायचा आणि घरी जाऊन तसंच्या तसं करायचा. असे बाप मला फार थोडे मिळाले.

वेदने घरी पहिल्यांदा नकोचं कार्ड दिलं ते मिक्सर लागल्यावर. आवाजाने तो कान दाबून ओरडायचा. त्या दिवशी कार्डं ठेवायच्या कमरेच्या पाउचमधून कार्ड काढून त्याने बापाच्या हातावर ठेवलं. प्रसादने “कळलं” म्हणून मिक्सर बंद केला आणि राहिलेली चटणी खलबत्त्यात कुटली. मृणालने फोनवर हे सांगितलं तेव्हा मागून ठक ठक ऐकू येत होतं आणि आम्ही दोघी हसत होतो.

असं छान चाललेलं असताना एका दुपारी दोघं वेदला न घेता आली. मृणालच्या हातात रिपोर्ट होता.

“मॅडम, कारण सापडलं,” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मला तो चेहरा ओळखीचा आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

हायवेच्या पलीकडे एका चकचकीत इमारतीत एक केंद्र निघालं होतं. नाव सांगत नाही, त्याची फुकट जाहिरात व्हायची. तिथल्या डॉक्टरांनी वेदची लघवी तपासून घेतली होती. रिपोर्टवर शिसं, पारा आणि अजून कायकाय, प्रत्येकापुढे एक पट्टी. पट्टी हिरव्यातून निघून पिवळ्यातून लालभडक भागात गेलेली. वेदच्या मेंदूत जड धातू साठलेत, ते काढले की मूल मोकळं होईल, असं त्यांना सांगितलं होतं. काढायचे कसे, तर कीलेशनने. शिरेतून औषध सोडायचं, ते धातूला पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पहिल्या सलाइनची वेळही ठरली होती.

कीलेशन खोटं औषध नाही. इथेच सगळी गोम आहे. अंगात खरोखर शिसं गेलेल्या मुलाला ते वाचवतं. अशी एक मुलगी मी पाहिली आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या शेडला लागून तिचं झोपडं होतं, आईबाप वीटभट्टीवर मजुरीला. पोटात कळा, फिट्स, आलेले शब्द गेलेले. तिचं रक्त तपासलं गेलं, मोठ्या सरकारी रुग्णालयात भरती करून, रोज रक्त बघत बघत हे औषध दिलं गेलं. नंतर बोलण्यासाठी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. हायवेपलीकडच्या केंद्राला त्या शेडचा पत्ता कधी सापडला नाही. खरं शिसं तिथे होतं, पण तिथे गिऱ्हाईक नव्हतं.

ऑटिझमचा या धातूंशी संबंध नाही, आणि ते काढल्याने तो जात नाही. उलट हे औषध धातू पकडताना शरीराला हवं असलेलं कॅल्शियमही ओढून नेऊ शकतं. कॅल्शियम एकदम खाली गेलं तर हातपाय वाकडे होतात, हृदय बंद पडू शकतं. हे माझं ज्ञान नव्हे, आमच्या मुलांना बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी मला समजावलेलं. अशा एका मुलाला त्यांनी आयसीयूत हात वाकडे झालेल्या अवस्थेत पाहिलं होतं. ते सांगताना त्यांनी कप इतक्या जोरात बशीत ठेवला की चहा सांडला.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. शांतपणे सुरुवात केली होती.

प्रसाद म्हणाला, “मॅडम, तुमचा विषय नाही म्हणून तुम्हाला भीती वाटतेय. हे केमिकल मी रोज हाताळतो. पाण्याचा हार्डनेस आम्ही याच्यानेच मोजतो. बॉयलरमधले थर याच्यानेच काढतो. काम करतं ते. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“वेद बॉयलर आहे का?”

“तसं नाही हो. पण केमिस्ट्री तर तीच ना?”

मी आजवर अडाणी समजुतींशी भांडले होते. इथे समोर शिकलेला माणूस होता आणि त्याचं शिक्षणच त्याला खड्ड्यात नेत होतं. ज्याला त्या औषधाचं नावही माहीत नाही असा बाप घाबरला असता. याला ते घरातल्या मिठासारखं ओळखीचं वाटत होतं.

मग मृणाल बोलली. “डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, मिस्टर कुठे काम करतात? तळोजा म्हटल्यावर ते नुसते मान हलवत राहिले. म्हणाले, कपड्यांवरून येतं घरात. आणि मी प्रेग्नंट असताना मासे खाल्ले होते का, तेही विचारलं, माशांत पारा असतो म्हणे.”

प्रसाद खाली बघत होता. “मी आता कंपनीतून आल्यावर जिन्यातच शर्ट काढतो,” तो म्हणाला. “आंघोळ झाल्याशिवाय वेदला हात लावत नाही.”

तेव्हा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. आईसाठी मासे ठेवलेत, बापासाठी कंपनी. कोणी लशीला घाबरणारा आला तर त्याच्यासाठी लस, कोणाकडे ॲल्युमिनियमची भांडी असतील तर ती. येणाऱ्या प्रत्येकाच्या मापाचा अपराध त्यांच्याकडे शिवून तयार असतो. तो आधी अंगावर चढवायचा, आणि मग उतरवून देण्याचे पैसे घ्यायचे. चोर परवडला हो. तो घरातलं सामान नेतो, पोराला हात लावण्याआधी आंघोळ कर म्हणून सांगत नाही.

मी रिपोर्ट ओढून घेतला. “लघवी कशी घेतली?”

“घरी डबा दिला होता. आधी एक कॅप्सूल द्यायची आणि मग दिवसभराची लघवी जमा करायची.”

“कसली कॅप्सूल?”

“तीच, धातू बाहेर काढणारी. म्हणजे आतलं नीट कळतं.”

हीच युक्ती डॉक्टरीणबाईंनी मला एकदा समजावली होती. शिसं, पारा थोडंथोडं तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात असतं. ओढून काढणारं औषध आधी पाजलं तर कोणाच्याही लघवीत ते जास्तच येणार. आणि रिपोर्टवरचा हिरवा पट्टा असतो ते औषध न घेतलेल्या माणसांचा. माठातलं पाणी काठीने ढवळायचं आणि मग गढूळ आहे म्हणून ओरडायचं, असला प्रकार.

मला त्यातलं केमिकल काही कळत नाही. मी एवढंच विचारलं, “प्रसाद, कॅप्सूल द्यायच्या आधीची लघवी तपासली का?”

“नाही.”

“मग जे आलं ते कशाशी ताडून बघितलं? तुमच्या लॅबमध्ये एखाद्या पोराने असा रिपोर्ट आणला तर तुम्ही सही कराल?”

तो रिपोर्टकडे बघत राहिला. “ब्लँक नाहीये,” असं काहीसं पुटपुटला. त्यांच्या कामात नमुना तपासण्याआधी नुसत्या पाण्यावर तीच सगळी क्रिया करून बघतात, त्याला ब्लँक म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्याचा चेहरा बदललेला मात्र मला दिसला. मृणाललाही दिसला.

“तू आता त्यांच्या बाजूने बोलणार?” ती त्याच्यावर उसळली. मग माझ्याकडे वळली. “बरं, धातू नाहीत. मासे नाहीत. कंपनी नाही. मग कोणामुळे?”

“कोणामुळेच नाही, मृणाल.”

“असं कसं कोणामुळेच नाही? काहीतरी असेलच ना!”

“नाही. तो असा जन्माला आलाय. त्याच्यात बिघाड झालेला नाही की काहीतरी काढून टाकलं आणि आतून दुसराच मुलगा बाहेर आला.”

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या खोलीत दोन आया मुलांना घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे काम करणाऱ्या विचुंब्याच्या सुमनमावशी आल्या आणि हळूच दार लोटून गेल्या. मृणाल उठली. “तुम्हाला काय, मुलं अशीच राहिली तरच तुमचा क्लास चालणार,” ती म्हणाली आणि निघून गेली. प्रसाद तिच्यामागे गेला. जाताना रिपोर्ट घ्यायला तो विसरला नाही.

ते वाक्य मला बरेच दिवस सलत राहिलं. मृणालवर मी रागावले नाही. चार वर्षं रोज आशा धरायची आणि रोज रात्री ती पुसून झोपायचं, हे मी केलेलं नाही. पण जे लोक अशा बाईला हेरतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात दयामाया नाही. सुमनमावशी म्हणाल्या, “जाव द्या मॅडम. येतील परत. पोराला तुमची सवय हाय.” मी म्हटलं, “पोराचा प्रश्न नाही हो, मावशी. पोराला विचारतंय कोण?”

वेदच्या वेळेला खोली रिकामी राहू लागली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी प्रसादला केला, त्याने उचलला नाही. मग आम्ही दोघींनी एकमेकींना फोन करून त्या केंद्राला शिव्या घातल्या. मुलगा त्यांचा, निर्णय त्यांचा. त्यापुढे आमचा हात पोचत नव्हता.

नंतर एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर प्रसाद उभा, शेजारी वेद. वेद मला ओलांडून थेट पंख्याखाली गेला. प्रसाद चपला काढता काढताच म्हणाला, “मॅडम, नकोचं कार्ड नवीन बनवून द्याल का?”

“जुनं हरवलं?”

“हरवलं नाही.”

आणि मग हा मितभाषी माणूस उभ्याउभ्याच बोलत राहिला.

ते सलाइनला गेले होते. मृणालला बाहेर बसवलं, कारण आया रडतात. वेदला खुर्चीत बसवून प्रसादला सांगितलं, हात घट्ट धरा, हलू देऊ नका. भिंतीवर कार्टून लावलं होतं. बाटली टांगली गेली. नर्सने वेदच्या हाताला पट्टा बांधला. त्याचा दुसरा हात प्रसादच्या मुठीत होता.

“तो रडलाच नाही मॅडम. रडला असता तर मी म्हणालो असतो, इंजेक्शनला सगळीच मुलं रडतात. त्याने फक्त हात सोडवायला सुरुवात केली. मला वाटलं पळणार. मी अजून घट्ट धरला. मग लक्षात आलं की हात दाराकडे नाही, पाउचकडे चाललाय. म्हणून सोडला.”

वेदने पाउच उघडलं, लाल कार्ड काढलं आणि बापाच्या तळहातावर ठेवलं. मिक्सरच्या वेळी ठेवलं होतं तसंच. आणि त्याच्याकडे बघत थांबला.

“नर्स म्हणाली, नंतर खेळ हां बाळा. डॉक्टर म्हणाले, साहेब, धरा त्याला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ‘कळलं, पण हे करावंच लागणार आहे.’ शंभर वेळा घोकलेलं. मला म्हणता येईना. तो रिपोर्ट डोळ्यांपुढे येत होता. मॅडम, लॅबमधला पोरगा असता तर मी तो रिपोर्ट फाडला असता. आणि इथे मी स्वतःच्या मुलाला धरून बसलो होतो.”

“मग?”

“मी ‘कळलं’ म्हणालो. पट्टा सोडला. त्याला उचललं. डॉक्टर मागून बोलत होते, उशीर केलात तर वय निघून जाईल, पुढे मला दोष देऊ नका. मी ते कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर आलो.”

मी कपाटाकडे वळले आणि लाल कागद शोधू लागले. डोळ्यांतलं त्याला दिसू नये म्हणून.

सगळं गोड झालं असं समजू नका. डॉक्टरीणबाईंनी वेदचं साधं रक्त तपासून घेतलं, कॅप्सूलशिवाय. त्यात काही निघालं नाही. प्रसादने ते घरी सांगितलं तेव्हा मृणाल ढसाढसा रडली, सुटका झाली म्हणून नव्हे, आता दोष द्यायलाही काही उरलं नाही म्हणून. ती अजून माझ्याशी बोलत नाही. वेदला आणते ती गेटपर्यंत, आणि रिक्षातच बसून राहते. मी सुमनमावशींबरोबर चहा पाठवते. कप रिकामा परत येतो, तेवढ्यावर सध्या मी समाधान मानते.

केंद्र सुरू आहे. पाटी आता रात्री उजळते, हायवेवरून दिसते. डॉक्टरीणबाईंनी आणि मी तक्रार केली आहे. तिचं काय व्हायचं ते होवो, मी पुन्हा करणार आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या हातात लाल पट्ट्यांचा असा रिपोर्ट असेल, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त विचारा, लघवी घेण्याआधी पोराला काय पाजलं होतं? आणि समोरचा उत्तर देत असताना त्याच्याकडे नीट बघा.

त्या दिवशी मी नवीन कार्ड बनवलं. लाल कागद, त्यावर पंजा, वरून प्लॅस्टिक. कडा वेदला टोचू नयेत म्हणून गोल कापल्या. प्रसादने ते पाउचमध्ये ठेवलं आणि कामावर गेला. जाण्याआधी त्याने वेदच्या केसांवरून हात फिरवला, तसाच, कंपनीच्या शर्टात.

इतक्या दिवसांचा खंड पडला होता. मी उत्साहाने खोका उघडला, कार्डं मांडली, सगळ्यांत अवघड खेळ पुढे घेतला. वेदने माझ्याकडे पाहिलं, खेळाकडे पाहिलं, पाउच उघडलं आणि कोरं करकरीत कार्ड माझ्या हातावर ठेवलं.

मी ते हातात धरून बसले. आज हे करावंच लागणार आहे का, असं स्वतःला विचारलं.

“कळलं,” मी म्हणाले, आणि खोका बंद केला.